पुण्याचे पाणी आणि आमची घागर

मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्हांस लेख मागितला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. "गुरुजी, आपण बेचाळीस वर्षे पुण्यात काढलीत. आपल्या समाजाची पुष्कळ मुले आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी तिकडे जातात. त्यांनी पुण्यात काय पाहावे, ते लिहा," असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही होकार दिला खरा. परंतु लिहावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, शनिवारवाडा, सारसबाग, पर्वती ही नावे मुलांना सांगावयास आमची गरज नाही. ती त्यांस ठाऊकच आहेत. तेव्हा आम्हांस स्वतःला जी ठिकाणे पुन्हा पुन्हा हिंडावीशी वाटली, तीच येथे सांगावयाचे ठरविले. आम्ही जातीचे कुंभार. घागर आणि रांजण घडविणाऱ्या घरी जन्म झालेल्या माणसाची नजर शहरात गेली तरी पाण्याकडेच जावयाची. म्हणून आमचे पुणे हे पाण्याच्या वाटेने पाहिलेले पुणे आहे.

इ. स. १९७५ मध्ये शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही शिक्षकी शिक्षणासाठी वडिवळे सोडले. त्या वेळी लोणावळा ते पुणे लोकल गाडी सुरू झालेली नव्हती; ती सुरू झाली १९७८ मध्ये. कामशेत स्थानकापर्यंत पायी यावे आणि तेथून पॅसेंजर धरावी, हाच नाणे मावळातील माणसाचा रिवाज. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. आमच्या पणजोबांच्या काळी मावळातील माणूस बैलगाडीने किंवा पायी पुण्यास जाई. आम्ही वळकटी आणि पिठाचा डबा घेऊन गाडीने गेलो, एवढाच काय तो फरक. उतरलो ते कसबा पेठेतील कुंभारवाड्यात, वडिलांच्या एका दूरच्या नातलगांकडे.

कसबा पेठ म्हणजे पुण्याचे मूळ गाव. ग्रामदैवत कसबा गणपती येथे आहे. शिवछत्रपतींचे बालपण ज्या लाल महालात गेले आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री ज्यात शिरून त्यांनी शाहिस्तेखानावर छापा घातला, त्या लाल महालाची जागा येथून हाकेच्या अंतरावर. (आज दिसते ती इमारत मात्र अलीकडच्या काळात उभारलेली आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे.) जुन्या गावास कारागीर लागतात, आणि कारागीर आपल्या कामाच्या सोयीने वसतात. तांबट तांबट आळीत, बुरूड बुरूड आळीत, आणि कुंभार नदीच्या काठी. मातीस पाणी हवे आणि आव्याच्या धुरास मोकळी जागा हवी, म्हणून गावाच्या कडेला मुठेजवळ आपली वस्ती झाली. तिच्यावरून वेशीलाही कुंभार वेस हे नाव पडले. राजे गेले, पेशवे गेले, इंग्रज गेले. वेसही उरली नाही. परंतु कुंभार वेस हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. आपल्या समाजाच्या मुलाने पुण्यात पहिले पाऊल येथे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

नदी जशी देते तशी नेतेही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे १८७९ मधील जुने धरणही फोडले, आणि मुठेच्या काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आम्ही कुंभारवाड्यात राहावयास गेलो तेव्हा त्या गोष्टीस चौदा वर्षे झाली होती. तरी संध्याकाळी ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी बोलता बोलता पुरावरच येत. आवा लावण्यासाठी रचून ठेवलेली कच्ची मडकी पुरात विरघळून पुन्हा माती झाली, असे आमचे यजमान सांगत. पुढे शहर दाटले, आव्याचा धूर शेजाऱ्यांस नकोसा झाला आणि बरीच कुटुंबे मुंढव्याच्या केशवनगराकडे चाके घेऊन गेली. तेथील कुंभारवाडाही पाहण्यासारखा आहे. दिवाळीपूर्वीच्या दिवसांत जावे. पणत्या, बोळकी आणि सुगडे यांच्या राशी पाहून आपला धंदा अजून जिवंत आहे अशी खात्री पटते.

कुंभारवाड्यातून निघून तांबट आळीवरून जावे. पूर्वी ही आळी लांबूनच कानांनी ओळखू येई. पेशवाईच्या काळात पुण्यात वसलेल्या या कारागिरांच्या हातोडीचे ठोके आता पूर्वीइतके घुमत नाहीत. परंतु अजून ऐकू येतात. आम्ही मातीचे हंडे करणारे, ते तांब्याचे. श्रीमंताच्या घरी तांबट, गरिबाच्या घरी कुंभार. पाणी मात्र एकच. ते पाणी येत असे कोठून? हा प्रश्न आम्ही आमच्या शाळेतील मुलांस दरवर्षी विचारीत असू, आणि उत्तरासाठी त्यांना कात्रजला नेत असू.

कात्रजचा तलाव हे आमचे दुसरे आवडते ठिकाण. शेजारी आता प्राणिसंग्रहालय झाले आहे, त्यामुळे बहुतेक लोक वाघ पाहून परततात. पण खरा चमत्कार पाण्याचा आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास येथे तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, जमिनीखालून पाणी नेले. पंप नाही, इंजिन नाही; केवळ जमिनीच्या उताराचा अचूक अंदाज. दगडी बांधणीचा हा भुयारी मार्ग इतका प्रशस्त की माणूस त्यातून चालू शकेल. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. त्यांतून हवा खेळे, पाण्याचा दाब आवरला जाई आणि गाळ खाली बसे. शहरात आल्यावर हे पाणी निरनिराळ्या हौदांत सोडले जाई. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. परंतु तेथील कारंजी पुढे खेळू लागली ती या पाण्यामुळे.

येथे आपल्या समाजास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मोठ्या दगडी मार्गातून आलेले पाणी वाड्यावाड्यांतून खेळविले जाई, ते पुष्कळ ठिकाणी खापरी नळांनी. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ. एकाचे तोंड दुसऱ्याच्या बुडात बसेल असे एकाच मापाचे शेकडो नळ घडविणे, ते न वाकता भाजणे, हे काम कुंभारावाचून कोण करणार? शनिवारवाड्याचे जोते पाहावयास लोक येतात आणि पेशव्यांचे नाव घेतात. ते योग्यच आहे. परंतु त्या जोत्याखालून गेलेल्या नळांवर कोणाची बोटे फिरली, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. आम्ही दिल्ली दरवाजातून आत शिरलो की प्रथम जमिनीकडे पाहतो, ते यासाठी.

असे हे हौद पुण्यात पुष्कळ होते. काही बुजले, काहींची नावेच तेवढी चौकांना राहिली. नाना हौद, फडके हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे मुलांनी बसच्या पाट्यांवर किंवा दुकानांच्या पत्त्यांत वाचली असतील. साततोटी म्हणजे सात तोट्यांचा. रविवारी सकाळी एकेका हौदाच्या नावामागे हिंडावे, म्हाताऱ्या माणसांना विचारावे, हा आमचा अनेक वर्षांचा छंद होता. अशाच एका रविवारी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस उलट प्रश्न केला. "मास्तर, हौद किती ते विचारता, त्यांवर पाणी कोणी भरायचे नाही, ते कधी विचारलेत काय?"

आम्ही निरुत्तर झालो. दहा किलोमीटर दगड फोडून आणलेले पाणी शहरातील एका मोठ्या समाजाच्या घागरीस मात्र वर्ज्य होते. अस्पृश्य मानलेल्या माणसाने हौदाच्या कठड्यास हात लावावयाचा नाही. कोणा दयाळू माणसाने वरून ओतले तर ते घ्यावयाचे, नाही तर परतावयाचे. आम्ही मुलांस पाण्याचा उतार शिकविला, उच्छ्वास शिकविले. परंतु ही गोष्ट शिकविली नव्हती. त्या दिवसापासून आमच्या भ्रमंतीत दोन ठिकाणांची भर पडली.

पहिले ठिकाण फरासखान्यापाशी असलेला बाहुलीचा हौद. नाव ऐकून खेळण्यातील बाहुली डोळ्यांपुढे येते. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्या काळचे नामांकित शल्यवैद्य. ज्यांच्या नावाचा घोले रस्ता पुण्यात आहे, तेच हे. जातीने गवळी, सत्यशोधक समाजाचे पुढारी, जोतीराव फुल्यांचे स्नेही. मुलींना शिकवावे या मताचे असल्यामुळे त्यांनी आपली कन्या काशी हिस शिकविण्यास आरंभ केला. तिचे लाडके नाव बाहुली. ती लहानपणीच गेली. मुलीचे शिकणे सहन न झालेल्या आप्तांनीच तिच्या खाण्यात काच घातली, अशी दारुण हकीकत पुण्यात सांगितली जाते. पित्याने तिच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सर्व जातींच्या लोकांस खुला ठेवला. दुःख झालेला मनुष्य देऊळ बांधतो, छत्री बांधतो. या गृहस्थांनी पाणी दिले, आणि तेही कोणास न वगळता. आम्ही शाळेतील मुलींना तेथे नेत असू. एरवी सहलीत अखंड बडबडणाऱ्या मुली तेथे गप्प होत.

दुसरे ठिकाण गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील फुलेवाडा. जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, हे शाळकरी मुलांसही पाठ असते. परंतु १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला, याचे मोल आम्हांस त्या वाड्यात उभे राहिल्यावर कळले. सरकारी हौद नव्हे, गावचा नव्हे, घरचा, अंगणातला. सभेत समतेवर व्याख्यान देणे एक वेळ सोपे आहे. आपल्या अंगणात, शेजारीपाजारी व जातभाई पाहत असताना, आपल्या पाण्यात दुसऱ्याची घागर बुडू देणे फार कठीण. मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा रावबहादुर बोले यांचा ठराव संमत झाला १९२३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले २० मार्च १९२७ रोजी. जोतीरावांचा हौद त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ खुला झाला होता.

तेथून पर्वतीकडे जावे. जागा तीच, पण आता निराळ्या नजरेने पाहावी. कात्रजचे पाणी आणणाऱ्या नानासाहेबांनीच टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि पानिपतच्या पराभवानंतर जून १७६१ मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. याच पायऱ्यांवर १९२९ मध्ये मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे यांच्यासारखे दलित पुढारी आणि एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण त्यात होते, आणि सत्याग्रहींना मार खावा लागला. वर पोहोचून धाप ओसरली की सगळे पुणे दिसते. ज्याने जे पाहिले असेल तेच त्याला त्या देखाव्यात दिसते.

आता येथवर आल्यावर लेखणी थांबवावी, असे एक मन म्हणते. स्मरणिकेत समाजाच्या गौरवाच्या गोष्टी लिहाव्यात, अशी आपली रीत आहे. परंतु फुलेवाड्यातील हौदापाशी उभे असता आम्हांस जे आठवले ते सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

आम्ही नऊ-दहा वर्षांचे असू. म्हणजे अस्पृश्यता घटनेने नाहीशी करून वीस वर्षे होत आली होती आणि तिच्याविरुद्धचा कायदा होऊनही चौदा वर्षे लोटली होती. उन्हाळ्यात आमच्या दारी घागरी घेण्यास चहूकडून बायका येत. घागर घेण्याची रीत सर्वांस माहीत आहे. बोटाच्या पेराने वाजवून पाहावयाची. खणखणीत वाजली तर पक्की, बद वाजली तर तडा गेलेली. सर्व बायका तशा वाजवून घेत. एका वस्तीतील बायकांना मात्र ती मुभा नव्हती. आमची आजी घागर लांब नेऊन जमिनीवर ठेवी. पैसे जमिनीवरून उचलून घेई. एकदा एका बाईने न राहवून घागरीस हात लावला, तेव्हा आजी कडाडली, "वाजवू नगंस. हात लावलास तर घ्याया लागंल." बाईने ती मुकाट्याने घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घागर परत घेऊन आली. बुडाशी पाणी झिरपत होते. "म्हातारे, गळतीया गं," एवढेच ती म्हणाली. तिच्या हातची घागर आमच्या घरात परत कशी यावी? आजीने मान फिरविली. वडील चाकावर होते. त्यांनी वर पाहिले नाही. बाई थोडा वेळ उन्हात उभी राहिली, घागर कुंपणाशी ठेवली आणि गेली.

आम्ही तेथेच होतो. आम्हीही काही बोललो नाही. लहान होतो, हे खरे. परंतु दोष कळण्याइतके मोठे होतो. ती माती गाढवाच्या पाठीवरून येते, लीद घालून पायांनी तुडविली जाते, तेव्हा कोणास विटाळ होत नाही. मग भाजून पक्की झाल्यावर एका तहानलेल्या माणसाच्या बोटाने ती कशी बाटते, हा प्रश्न गोरोबाकाकांचे नाव घेणाऱ्या आमच्या घरात कोणी विचारला नाही. पुढे ते कुटुंब मुंबईस गेले. गळक्या घागरीचे पैसे परत करावयाचे राहून गेले, ते राहूनच गेले.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. कुंभार वेस आमची, खापरी नळ आमचे, असे आपण अभिमानाने जरूर म्हणावे, आम्हीही म्हणतो. परंतु पाण्याच्या पेशातील माणसास पाण्याचा सगळा इतिहास ठाऊक असावा. आपल्याला बलुतेदार म्हणून कोणी दाराबाहेर उभे केले, ते आपण विसरत नाही. आपण कोणास उभे केले, तेही विसरू नये. दोन्ही गोष्टी एकाच स्मरणिकेत मावतात.

निवृत्तीनंतर, इ. स. २०१७ पासून, आम्ही पुन्हा वडिवळ्यास राहतो. येथे कुंडलिका नदीवर मातीचे धरण आहे. सायंकाळी बांधाच्या बाजूस फिरावयास जातो. कधी नातवंडे आली की मळवलीवरून भाज्याची लेणी पाहण्यास नेतो. तेथे पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी अक्षरांत लेख आहे. ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचे दान आहे, असा त्याचा आशय. बेडशाच्या लेण्यांतही सामडिनिका नावाच्या महारठिणीने दिलेल्या दानाचा लेख पाण्याच्या टाक्यापाशीच आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचे हे लेख. आपल्या मावळात ज्यांची नावे दगडावर टिकून राहिली, त्यांत एक पुरुष आणि एक स्त्री पाणी देणारी होती. पाणी अडविणाऱ्याचे नाव कोणी कोरून ठेवलेले आम्ही तरी पाहिले नाही.

तेव्हा पुण्यास जाणाऱ्या मुलामुलींनी कुंभार वेशीपासून निघावे, तांबट आळी, शनिवारवाडा, बाहुलीचा हौद असे करीत फुलेवाड्यात पोहोचावे. निवांत हिंडले तरी एका दिवसात होते. कात्रज आणि पर्वती यांस दुसरा रविवार द्यावा. आणि आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात आपण जे रांजण भरून ठेवतो, त्यांतील एक तरी मंडपाबाहेर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही हाताने घेता येईल असा ठेवावा, ही सूचना चिटणीसांनी पुढील सभेपुढे मांडावी. रांजण आम्ही देऊ. वाजवून घ्यावा.